सातव्या आणि आठव्या रेघेमध्ये

राग माझ्या नाकावर असतो, असं ऑफिसात सगळे म्हणतात. म्हणू देत. एकवीस वर्षं मी शेतांचे नकाशे करतेय, आधी टेपने, आता मोबाइलवर, आणि एवढ्या वर्षांत एक नियम कधी मोडला नाही. चालल्याशिवाय टिंब टाकायचं नाही. काम तसं काही डोंगर फोडायचं नसतं. फोन हातात धरायचा, बांधाच्या कडेने चालायचं, कोपरा आला की थांबून बटण दाबायचं. पडद्यावर निळं टिंब पडतं आणि टिंबांना जोडणारी रेघ फोन स्वतः काढतो. मग आत शिरून दर दहा मीटरवर या बांधापासून त्या बांधापर्यंत आडवं चालायचं, म्हणजे जमीन कुठे चढते नि कुठे उतरते ते कळतं आणि पाइप कुठून न्यायचे ते ठरवता येतं. झालं. पण लोकांना उन्हाचा कंटाळा. जीपमध्ये पाय पसरून बसतात आणि पडद्यावर बोटाने टिंबं टाकतात. असली बोटाची टिंबं मी लांबून ओळखते. दोघांना त्यापायी घरी बसवलंय, आणि तिसऱ्याला सगळ्या ऑफिससमोर असं झापलं की तो अजून मला बघून जिना बदलतो.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या नियमामुळे झालं.

शेत माझ्या बहिणीचं. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, तेव्हापासून तिला घास भरवण्यापासून सायकल शिकवण्यापर्यंत सगळं मीच केलं. मी तिला धाकटी म्हणते. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला, आणि वर तोंड करून म्हणाला की हिला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही तर मुलगी मी नेणार. वकिलांसमोर तसा कागद झाला. वर्षअखेरपर्यंत धाकटीचं शेत चालू दिसलं पाहिजे, नाहीतर चिमणी बापाकडे. चिमणी म्हणजे तिची सात वर्षांची पोर. आईला इतकी चिकटलेली की दोघींना बसायला एकच खुर्ची पुरायची. त्या कागदावर धाकटीने सही केली तेव्हा मी शेजारी उभी होते. त्या माणसाच्या थोबाडीत का मारली नाही, याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

धाकटीने नोकरी सोडली. वडिलांची पाच एकर पडीक जमीन साफ केली, मका घेतला, काढला, आणि लिंबाची सहाशे रोपं आणून शेडमागे सावलीत ठेवली. आता फक्त पाणी हवं होतं. कालव्याचं पाणी हवं तर कालवा ऑफिसात शेताचा नकाशा द्यायचा असतो. शुक्रवार शेवटचा. तो चुकला की पुढची पाळी चार महिन्यांनी, आणि पिशवीतली रोपं चार महिने कुणासाठी थांबत नाहीत.

सोमवारी धाकटीने स्वतःच शेत चालून काढलं. मीच शिकवलं होतं. संध्याकाळी नकाशा आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा आडव्या रेघा. बारा सरळ, आणि मधल्या दोन वाकड्या. सातवी रेघ मध्यावर येऊन डावीकडे फुगली होती, आठवी उजवीकडे. दोन्हींच्या मध्ये जवाच्या दाण्यासारखी लांबट जागा राहिली होती, एखाद्या मोठ्या खोलीएवढी.

मी फोन लावला. "झोपेत चालत होतीस का गं?"

"सरळच चालले, ताई."

"याला सरळ म्हणतात?"

"मका कापलाय, समोरचा खांब स्वच्छ दिसतो. त्या खांबाकडे बघत बघत गेले."

"मग खांबच फिरायला गेला असेल," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

नकाशा मात्र अडून बसला. तो त्या जागेला भोक समजत होता. 'हा भाग वगळायचा आहे का? कारण निवडा.' खाली यादी होती: विहीर, खडक, इमारत, झाड, इतर. तिथे विहीर नव्हती, खडक नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. 'इतर' निवडलं की कालवा ऑफिसचा माणूस पाहणीला येतो, आणि त्याला यायला महिने लागतात. म्हणजे गेलं सगळं.

मंगळवारी मी रजा टाकून शेतावर गेले. शेत बघितलं तर इतकं साधं की चिडायला जागा नाही. एका बाजूला कालवा, समोरच्या बाजूला रस्ता, कोपऱ्यात पत्र्याची शेड. शेडमध्ये पंप, एक लोखंडी खाट आणि खिळ्याला अडकवलेला टॉवेल. बाकी सगळीकडे मक्याचे घोट्याएवढे खुंट, ओळीने उभे. मध्यभागीही तसेच. मी ऑफिसातली काठी आणली होती. काठीच्या टोकाला अँटेना असतो, आणि तो वीतभरापलीकडे चुकत नाही. फोन एकटा चुकू शकतो, ढगाने चुकतो, पत्र्याने चुकतो, हे मला कुणी शिकवायला नको.

सातव्या रेघेच्या टोकाला उभी राहिले. समोरच्या बांधावरच्या खांबावर नजर लावली आणि चालले. ऊन चांगलं होतं, खुंट बुटाखाली करकर वाजत होते. एकदाही वळले नाही. पलीकडे पोचून पडदा बघितला.

रेघ डावीकडे फुगली होती.

परत आले. पुन्हा फुगली. पावलं मोजली. सहाव्या रेघेला एकशे अठ्ठावन्न, नवव्या रेघेला एकशे अठ्ठावन्न, सातव्या रेघेला एकशे सदुसष्ट. तिन्ही वेळा. टेप धरली तर तिन्हींची लांबी एकच. घामाने डोळे चुरचुरायला लागले आणि मी काठी आपटली. धाकटी शेडच्या दारात थर्मास घेऊन उभी होती. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"बघ," ती म्हणाली, "मी म्हटलं होतं ना."

"तू काही म्हटलं नव्हतंस. चहा दे."

बुधवारी मी काटकोनला घेऊन आले. काटकोन म्हणजे आमच्या ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. टेबलावरची पेन्सिलसुद्धा तो कडेला समांतर ठेवतो, म्हणून हे नाव. तीस वर्षांत त्याची एक रेघ वाकडी गेलेली नाही, आणि हे तो रोज एकदा तरी ऐकवतो. येताना जीपमध्ये माझी भरपूर टिंगल केली. "मॅडम, वय झालं. गुडघे वाकडे, म्हणून रेघ वाकडी." मी ऐकून घेतलं. त्याने बुटाच्या नाड्या बांधल्या, काठी घेतली आणि सातव्या रेघेवरून निघाला, ताठ, कवायतीला निघाल्यासारखा. मी पडद्यावर त्याचं टिंब बघत होते. मध्यावर आलं, आणि अलगद डावीकडे सरकलं. मी मान वर केली. तो सरळ चालत होता. निदान मला तसं दिसत होतं.

पलीकडच्या बांधावर त्याने स्वतःचा फोन बघितला. बराच वेळ बघितला. मग तो रेघेवरून परत आलाच नाही, बांधाबांधाने लांबचा वळसा घालून आला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, रेघ बरोबर आहे. मीच तसा गेलो."

"का गेलात?"

"ते मला विचारू नका." त्याने शेताकडे हात केला. सांडलेला मका टिपायला कबुतरं उतरली होती, शंभर-दीडशे तरी. सगळ्या शेतात पसरली होती. मध्ये तेवढी एक जागा मोकळी होती. कबुतरं तिच्या कडेपर्यंत यायची, टिपत टिपत वळायची आणि पलीकडून पुढे जायची. घाबरत नव्हती, थबकत नव्हती.

"कारणात 'इतर' लिहा," काटकोन म्हणाला, "आणि विषय सोडा." तो जीपमध्ये जाऊन बसला आणि काच वर करून घेतली. मला त्याचा इतका राग आला! तीस वर्षांची घमेंड, आणि एका खोलीएवढ्या जमिनीने शेपूट घालायला लावलं.

दुपारी मी दोरी आणली. दोन्ही बांधांवर लोखंडी पहारी ठोकल्या आणि सातव्या रेघेवर कमरेच्या उंचीला दोरी अशी ताणली की बोटाने छेडली तर वाजावी. दोरीला मध्ये दोन गाठी होत्या. उजवा तळहात दोरीवर ठेवून चालायचं, काहीही झालं तरी हात सोडायचा नाही. धाकटीला म्हटलं, तू बाजूला उभी राहून व्हिडिओ काढ. आणि चालले. सुतळीचा खरखरीतपणा हाताला लागत होता. पहिली गाठ लागली, दुसरी लागली. रागात माझं तोंड चालूच होतं. पलीकडे पोचल्यावर मी ओरडले, "आता बोल!"

धाकटी माझ्याजवळ आली. तिने फोन माझ्यापुढे धरला.

व्हिडिओत मी दोरीला हात लावून चालत होते आणि बडबडत होते, "या असल्या थेरांना मी भीक घालत..." इथे माझं तोंड बंद झालं. हात दोरीवरून उठला. मी डावीकडे वळले, शांतपणे, सवयीचं वळण असावं तशी, आणि मोठा फेरा घालून चालत राहिले. हात तसाच पुढे, मूठ दोरी धरल्यासारखी वळलेली, हवेत. चेहऱ्यावर काही नव्हतं. पलीकडून परत दोरीपाशी आले, हात दोरीवर टेकला आणि तोंड उघडलं, "...नाही, समजलीस?"

मला ते वाक्य सलग बोलल्याचं आठवत होतं. दोन्ही गाठी हाताला लागल्याचं आठवत होतं. व्हिडिओत त्या दोन गाठींपाशी मी गेलेच नव्हते.

कुणी घाबरलं असतं. मला घाबरायला येत नाही, चिडायला येतं. माझ्या बहिणीची जमीन, तिचा एकेक दिवस त्यात गेलेला, आणि तिथे कुणीतरी मला बैलासारखं कासरा ओढून वळवतंय, ते पण मला न विचारता! मी त्या जागेला तोंडाला येईल ते बोलले. खुंटांवरून वारा गेला, एवढंच.

गुरुवारी आम्ही दोघी शेडमध्ये बसलो होतो. चिमणी शाळेत होती. रोपांपैकी काहींची पानं कडेने पिवळी पडायला लागली होती, धाकटी त्यांना बादलीने पाणी घालून आली होती. तिचे हात चिखलाने भरलेले होते.

"ताई," ती म्हणाली, "एक टिंब बोटाने टाक ना. बरोब्बर मध्ये. भोक बुजेल."

"काय म्हणालीस?"

"कोण येतंय बघायला? रिकामीच तर जागा आहे."

"मी लोकांना याच्यासाठी घरी बसवलंय."

"माहितीये गं. पण चिमणी..."

"चिमणीचं नाव घेऊन मला खोटं करायला लावू नकोस! चालल्याशिवाय टिंब नाही. माझ्या नकाशात नाही, आणि तुझ्या नकाशात तर मुळीच नाही. उद्या कुणी म्हणेल, बहिणीने केलं म्हणून झालं."

एक बोट, बास. पडद्यावर एकदा बोट टेकवायचं होतं. माझ्या तत्त्वाला आग लागो.

मी उपाय काढला, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता, हेही सांगते. फोनला एखादी जागा द्यायची आणि तिथे न्यायला सांगायचं, म्हणजे तो बाण दाखवतो आणि किती मीटर उरले तो आकडा. मी त्या दाण्याच्या मध्यावर खूण केली आणि स्वतः गेले. आकडा कमी होत गेला. नऊ, आठ, सात, सहा. मग सहा, सहा, सहा. मग सात. मी तिच्याभोवती फेरी मारून बाहेर पडले होते. डोळे उघडे ठेवूनही, मिटूनही तेच. स्वतःचं स्वतःला वळवता येत नव्हतं. पण दुसऱ्याने वळवलं तर?

म्हणून मी धाकटीला काठी नि फोन दिला. ती डोळे मिटून चालणार. मी शेडपाशी शेताकडे पाठ करून उभी राहणार, कारण तिच्याकडे बघितलं की माझेच डोळे मला फसवतात. मी फक्त टॅब्लेटवर तिचं टिंब बघायचं आणि ओरडून सांगायचं. लहानपणी सायकल अशीच शिकवली होती. मी ओरडायचे, ती वळायची. माझं ऐकायची तिला सवयच होती.

साडेअकरा वाजले होते. ऊन डोक्यावर होतं.

"चाल!"

टिंब निघालं. वीस मीटर. पंधरा. दहा. आठ. सात. सहा.

टिंब डावीकडे सरकायला लागलं.

"उजवीकडे! उजवीकडे वळ!"

"वळलेय, ताई."

"नाही वळलीस! अजून. अजून म्हणतेय ना, कान फुटले का तुझे?"

सहा. सहा. टिंब थांबलं.

"ताई, इकडे नको वाटतंय."

"नको म्हणजे काय?"

"माहीत नाही. नको वाटतंय."

"तुला कुणी विचारलंय? उद्या शुक्रवार आहे! पोर जाईल तुझी, कळतंय का? उजवीकडे वळ आणि सरळ चाल!"

पाच.

मला आनंद झाला. आजही तो आनंद आठवला की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

"शाब्बास. सरळ. सरळ. पाय उचल."

चार. तीन.

पंप बंद होता. रस्त्यावर गाडी नव्हती. तिच्या बुटांखालच्या खुंटांचा करकर आवाज मला ऐकू येत होता.

दोन.

तो आवाज थांबला. टिंब मात्र चालत होतं.

एक.

"बस! टाक!"

पडद्यावर निळं टिंब पडलं.

"टाकलंस?"

"टाकलं," ती म्हणाली. ती माझ्यापासून शंभरेक पावलांवर होती, पण आवाज कानाशी आल्यासारखा आला, आणि ओरडल्यासारखा नव्हता.

मी वळले. धाकटी शेताच्या कडेने चालत येत होती, काठी खांद्यावर टाकून. इतक्या लवकर ती कडेला कशी आली, हे मी विचारलं नाही. मी टॅब्लेट बघत होते. भोक बुजलं होतं. 'नकाशा पूर्ण आहे,' असं हिरव्या अक्षरांत लिहून आलं होतं. एवढंच खटकलं की तिची आत जाणारी रेघ होती, आणि त्या टिंबापाशी संपत होती. बाहेर येणारी रेघ नव्हती. मला वाटलं, टिंब टाकताना तिने फोन बंद केला असेल.

"काय होतं तिथे?"

"काही नाही, जमीन."

"मग नको का वाटत होतं?"

"आठवत नाही," म्हणाली आणि हात धुवायला गेली.

शुक्रवारी आम्ही दोघी कालवा ऑफिसात गेलो. कारकुनाने नकाशा बघितला, मान डोलावली, शिक्का मारला. धाकटीने पावतीसाठी हात पुढे केला होता. त्याने पावती टेबलावर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली. उर्मट कुठला, असं मनात म्हणून मी दोन शब्द सुनावलेसुद्धा. तो गोंधळून म्हणाला, "त्यांच्या हातातच दिली की, मॅडम."

पुढच्या आठवड्यात चर खोदणारं मशीन आलं. शेताच्या मधोमध, त्या जागेवरून, सरळ खोदत गेलं. माती निघाली, बाकी काही निघालं नाही. मी काटकोनला मुद्दाम बोलावलं आणि सातव्या रेघेवरून चालायला लावलं. रेघ पट्टीने मारल्यासारखी सरळ आली. आता कुणीही चाललं तरी सरळच येते. कबुतरंही सगळीकडे टिपतात. काटकोन खूश झाला. धाकटीचं अभिनंदन करायला त्याने हात पुढे केला, तिनेही केला. दोघं हसत होते. मी टॅब्लेट पिशवीत भरत होते.

पाणी आलं, सहाशे रोपं जमिनीत गेली. वकिलाचा माणूस येऊन फोटो काढून गेला. चिमणी आईकडेच राहणार, असं कागदावर आलं. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

रविवारी दुपारी मी धाकटीकडे गेले. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत पलंग, त्याला लागून खिडकी. धाकटी पलंगावर मांडी घालून बसली होती. वाळली होती. चिमणी खाली फरशीवर, भिंतीला टेकून, चित्रात रंग भरत होती.

"तुझं काय बिनसलंय गं?" मी चिमणीला म्हटलं. "आईशी कट्टी का? आईजवळ बसायला काय होतंय?"

चिमणीने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यासारखं.

"मावशी, मी आईच्या मांडीवरच बसलेय की."

आणि तिने मागे डोकं टेकलं, सुखाने. मागे भिंत होती.

मी धाकटीकडे बघितलं. ती पोरीकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू काही बोलू नकोस तिला. तिला वाटतं ती बसलेय. तिला तेवढं वाटू दे."

"मी विचारतेय कधीपासून!"

"तुला माहितीये कधीपासून." मग ती म्हणाली, "दुकानदार, शाळेतल्या बाई, शेजारची. सगळ्यांना वाटतं त्यांनी हात दिला. डॉक्टरकडे गेले होते. नाडी ठीक आहे म्हणाले. त्यांची बोटं टेबलावर होती, ताई."

"मूर्खपणा आहे हा," मी म्हणाले. मला भयंकर राग आला होता. डॉक्टरचा, दुकानदाराचा, हिचा. पंधरा दिवस ही गप्प बसली! "चिमणे, बाहेर खेळायला जा. आणि तू, खाली उतर. ये इथे, माझ्यापुढे बस. केसांची काय ही दशा करून घेतलीस? कंगवा कुठाय?"

कंगवा खिडकीत होता. ती खाली उतरली आणि माझ्याकडे पाठ करून फरशीवर बसली. मी पलंगाच्या कडेला बसले, तिला दोन्ही गुडघ्यांमध्ये घेतलं आणि विंचरायला लागले. गुंता होता, पण निघत होता. केस धुतलेले होते, साबणाचा वास येत होता. एक हात मुळाशी धरून मी टोकाकडून सोडवत आले, म्हणजे ओढ बसू नये. तोंड चालूच होतं माझं. डॉक्टरला बघून घेते म्हटलं. हा थकवा आहे म्हटलं, जागरणं, दगदग, दुसरं काय डोंबल असणार. मी आहे ना, मला काही झालंय का? बघ, लागतोय ना माझा हात? मी सगळे केस मोकळे केले, भांग पाडला, तीन पेड घेतले, घट्ट वेणी घातली आणि टोकाला रबर लावलं. दहा-पंधरा मिनिटं तरी गेली असतील. मला एकदम हलकं वाटलं.

"झालं बघ," असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"ताई," धाकटी मागे न वळता म्हणाली, "कधी सुरू करणार? पाय भरून आले माझे."